मुलांवाचूनचा मुक्काम

मे महिना उजाडला की वर्तमानपत्रांच्या पानोपानी प्रवासी कंपन्यांच्या ज्या जाहिराती झळकू लागतात, त्यांतील चित्र वर्षानुवर्षे एकच असते: उन्हाचा चष्मा लावलेला बाप, त्याच्या खांद्यावर एक मूल, वाऱ्याने ओढणी उडालेली आई, तिचे बोट धरलेले दुसरे मूल, आणि पाठीमागे समुद्र किंवा हिमशिखर, त्या सालच्या दरपत्रकात जे बसत असेल ते. हॉटेलांच्या खोल्या ‘दोन मोठी माणसे व एक लहान’ या हिशेबाने मांडलेल्या असतात, करमणुकीच्या उद्यानांचे पास चौघांच्या मापाचे निघतात, आणि केंद्र सरकारच्या रजा प्रवास सवलतीच्या नियमांतही कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी आणि दोन अपत्ये इथूनच सुरू होते. या सर्व व्यवस्थेत ज्या एका प्रवाशाची गणती करण्याचे कोणालाच सुचलेले नाही, तो प्रवासी म्हणजे मुले असूनही मुलांवाचून निघालेले दांपत्य. चाळिशीच्या आसपासच्या अशा दोघांनी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी दोन दिवसांकरिता खोली मागितली, तर गल्ल्यावरचा मनुष्य त्यांची आधार कार्डे चाळता चाळता ‘मुलं नाही आणली?’ असे अगदी सहज विचारतो. आणि त्या सहज प्रश्नाने ओशाळून ते दोघे मुलांचा क्लास बुडत होता, आजी सोडायला तयार नव्हती, असे काहीतरी कारण पुढे करतात. हे कारण पुढे करावेसे का वाटते, एवढाच माझ्या आजच्या लेखाचा विषय आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय घरांतील उन्हाळ्याच्या सुटीची आठवण निघाली म्हणजे मामाचे गाव, आंब्याची अढी, विहिरीतले पोहणे आणि अंगणातली निजानीज यांचे वर्णन हटकून होते. परंतु त्या सुटीची जी कौटुंबिक मांडणी होती तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परीक्षा आटोपल्या की आई मुलांना घेऊन माहेरी जाई. बाप, कचेरीतून रजा मिळत नाही म्हणून म्हणा किंवा त्या मिषाने म्हणा, मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडी एकटाच राही, खानावळीचा डबा लावी, शनिवारी रात्री नाटकाला जाई, रविवारी पत्ते कुटी, आणि जून उगवण्याच्या बेतात दोन दिवसांची सवड काढून सासुरवाडीहून आपला लवाजमा परत घेऊन येई. म्हणजे नवऱ्याला बायकोपासून, बायकोला नवऱ्यापासून आणि बापाला मुलांपासून महिना-सव्वा महिना रजा मिळे, आणि ती कोणाला मागावी लागत नसे. आईलाही ती मिळे. कारण माहेरच्या उंबऱ्यात पाऊल पडले की तिची मुले तिची अशी उरतच नसत. मामे-मावस भावंडांच्या जथ्यात ती नाहीशी होत, त्यांना आजी वाढी, मावशी न्हाऊ घाली, मामा दटावी, आणि एरवी पहाटे चुलीपुढे बसणारी ती बाई ऊन वर येईपर्यंत अंथरुणावर लोळत पडे. या सुखाचा भार त्या घरच्या सुनेवर पडे, हे विसरून चालणार नाही. नणंदांच्या पोराबाळांचे उष्टेखरकटे काढता काढता तिची सुटी संपे, आणि तिचे स्वतःचे माहेरपण, झालेच तर, उरल्यासुरल्या पंधरवड्यात उरके.

या जुन्या व्यवस्थेत सर्वांना सर्वांपासून सुटका होती. नवरा-बायकोला एकमेकांच्या सहवासाची मात्र सोय नव्हती. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सासू-सासरे, दीर आणि गावाहून शिकायला आलेला एखादा भाचा यांच्या गर्दीत, जी जोडपी चारचौघांदेखत एकमेकांशी सरळ बोलतही नसत, त्यांना दोघांनीच कोठे जाण्याचा प्रसंग हयातीत दोनदा यायचा: लग्न झाल्यावर, तेही पुढे पुढे, माथेरान-महाबळेश्वरला, आणि सर्व जबाबदाऱ्या फिटल्यावर काशी-रामेश्वराला. मधुचंद्र आणि काशीयात्रा यांच्या मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी एकत्र काय केले असेल, तर संसार.

थंड हवेची ठिकाणे तर मुळात निराळ्याच सोयीसाठी निर्माण झाली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर शोधून काढला, निदान सरकारी दप्तरात त्या शोधाची नोंद त्यांच्या नावावर पडली (तिथल्या ठाकर-धनगरांना आपला डोंगर सापडण्याची वाट पाहावी लागली नव्हती). त्याच्याही आधी सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीत महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली होती. गोऱ्या अंमलदाराचा शिरस्ता असा, की उन्हाळा तापला म्हणजे मडम आणि मुले डोंगरावर पाठवायची, आपण खाली कचेरीत घाम गाळायचा, आणि मुले थोडी जाणती झाली की त्यांची रवानगी विलायतेतल्या शाळेत करायची. पुढे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ पासून खटपट करून १९०७ साली नेरळहून माथेरानपर्यंत दोन फुटी रुळांची गाडी डोंगरावर चढवली, आणि एतद्देशीय सधन कुटुंबांची वाट सोपी झाली. ही कुटुंबे बंगला भाड्याने घेत, आचारी, गडी आणि लोणच्याच्या बरण्यांसह महिनाभर तिथे राहत, आणि या मुक्कामाला नाव देत ‘हवापालट’. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, छाती नाजूक म्हणून, बाळंतपणानंतर अशक्तता आली म्हणून माणसे देवळालीस किंवा पाचगणीस जात. आम्हांला जावेसे वाटले म्हणून गेलो, असे सांगणारा इसम त्या काळात विरळाच. आणि सांगितले असते तर लोकांनी त्याला उधळ्या ठरवले असते.

आपल्या समाजाने आईबापांच्या गैरहजेरीला कधीही मनाई केलेली नाही, त्याने केवळ सबळ कारण मागितलेले आहे. धर्म हे त्यांतले पहिले कारण. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या हलल्या की तीन-एक आठवडे घरदार सोडून, डोईवर तुळशीवृंदावन घेऊन पंढरीची वाट चालणाऱ्या बायांत घरी नातवंडे, क्वचित लेकरेही, ठेवून आलेल्या कितीतरी असतात. पोरे कोणापाशी ठेवलीस, असा जाब त्यांना कोणी विचारीत नाही. (वारीला बहुधा सासू जाते आणि घर सून राखते, तेव्हा या रजेची मंजुरीही वयोमानानेच मिळते, हा तपशील जाता जाता नोंदवून ठेवावा.) पोट हे दुसरे कारण. बीड जिल्ह्यातून आणि त्या बाजूच्या कोरडवाहू टापूतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जी जोडपी निघतात, त्यांची मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी नोंद होते. लहानगी पोरे उसाच्या फडावर जातात, शाळेतली म्हाताऱ्यांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि गाळप संपून बैलगाड्या-ट्रॅक्टर परत फिरेपर्यंत आईबापांची भेट होत नाही. या ताटातुटीची खंत खरे म्हणजे साऱ्या राज्याला वाटायला हवी, पण तिला आपण नाइलाज म्हणून मोकळे होतो. शिक्षण हे तिसरे कारण, आणि ते खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे: आठ-दहा वर्षांची मुले पाचगणीच्या निवासी शाळांत ठेवून आईबाप शहरात परततात, तेव्हा त्यांच्या त्यागाचे कौतुक होते. चौथे कारण नोकरीतली बदली, पाचवे परदेशातले कंत्राट, सहावे आजारपण. यांपैकी कोणत्याही कारणास्तव मुले आणि आईबाप दुरावले तर समाज तो अर्ज बिनतक्रार मंजूर करतो. शेरा मारून परत येतो तो एकच अर्ज: आम्हां दोघांना दोन दिवस एकमेकांच्या संगतीत काढावेसे वाटतात, दुसरे कारण नाही.

याउलट सहकुटुंब सहलीला कारण दाखवावे लागत नाही, कारण ती मुलांसाठी आहे असे आधीच गृहीत धरलेले असते. ती खरोखर कोणासाठी असते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या एखाद्या घरगुती निवासाच्या पडवीत सकाळी सातच्या सुमारास जाऊन बसावे. समोरच्या खोलीतली बाई केव्हाच उठलेली असते. विजेच्या किटलीत पाणी उकळून तिने दुधाची बाटली विसळली आहे. काल समुद्रात भिजलेल्या कपड्यांतली वाळू बादलीत खळबळून ते दोरीवर टाकले आहेत, आणि या खाऱ्या, दमट हवेत ते दुपारपर्यंतही वाळणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे ती आता कोरड्या कपड्यांची पिशवी उपसते आहे. थोरल्याला गाडी लागते म्हणून आवळासुपारीची डबी वरच्या कप्प्यात हवी, धाकटीला रात्री खोकला झाला म्हणून औषधाची बाटली शोधायला हवी, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ‘वहिनी, हिच्यापुरता नुसता वरणभात होईल का, तिखट न घालता?’ असे अजिजीने विचारण्याचे कामही तिचेच. नवरा घोरत पडला आहे, आणि त्यात त्याचा मोठा गुन्हा आहे असेही नाही. मध्यरात्री निघून ताम्हिणी घाटातून गाडी त्यानेच हाकली आणि परवा परतताना त्यालाच हाकायची आहे. तो उठेल आणि दिवसाचा कार्यक्रम जाहीर करील: आधी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग हर्णैच्या बंदरावरून सुवर्णदुर्ग, जेवणे उरकून मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवणारी होडी, आणि सूर्यास्ताला जिथे सारेच जातात तिथे.

त्याच पडवीत घावन-चटणीच्या बशा पोचवणारी यजमानांची मुलगी असते, दहा-अकरा वर्षांची. मे महिना हा तिच्या घरचा सुगीचा महिना असल्यामुळे सुटीत सहलीला जाणे ही काय वस्तू आहे ते तिला माहीत नाही. परंतु वासरू कोठे बांधले आहे आणि मांजरीने पिल्ले कोणत्या माळ्यावर घातली आहेत ते तिला बिनचूक माहीत असते. पाहुण्यांची थोरली स्वारी अर्ध्या तासात तिच्या मागोमाग गोठ्यात अदृश्य होते, आणि नऊ वाजता गाडीचा भोंगा वाजू लागला की हातापाय आपटून सांगते की मला डॉल्फिन नको. त्यावर बाप चिडतो. एवढे पैसे खर्च करून, एवढ्या लांब, कोणासाठी आलो? प्रश्न बिनतोड आहे, मात्र तो मुलाला विचारण्यात अर्थ नाही.

प्रेक्षणीय स्थळांची यादी पुरी करण्याचा हा जो सोस आहे तो मोठ्या माणसांचा आहे. मुलाला सुटीत हवी असते ती रिकामी दुपार, बरोबरीचे कोणीतरी, आणि पाच मिनिटे तरी ज्यांचे आपल्याकडे लक्ष नाही अशी मोठी माणसे. यांतली तिसरी गोष्ट आजच्या दोन मुलांच्या घरात सर्वांत दुर्मीळ झाली आहे. मुलांनाही आईबापांपासून सुटी लागते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणत्याही बालमानसशास्त्राच्या ग्रंथावाचून कळत होते. आजोळ ही त्याचीच तजवीज होती. आजोळ ज्यांना नव्हते किंवा जवळ नव्हते, त्यांच्यासाठी पुढे सेवादलाची शिबिरे झाली, बालवीरांचे तंबू झाले, किल्ल्यांवरच्या मोहिमा झाल्या, जिथे स्वतःची ताटवाटी स्वतः घासायची, अंथरुणाची गुंडाळी स्वतः बांधायची, आणि घरची आठवण येऊन रात्री डोळ्यांत पाणी आले तर ते शेजारच्याला न कळू देता पुसायचे. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ सालची. त्या शिबिरांतून आलेली एक अख्खी पिढी म्हातारपणीही ज्या उत्साहाने त्या दिवसांबद्दल बोलत असे, त्या उत्साहाने तिने आईबापांबरोबरच्या एखाद्या प्रवासाचे वर्णन केल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. आता शिबिरे पंचतारांकित होत चालली, त्यांच्या माहितीपत्रकात व्यक्तिमत्त्व विकासाचे पाच मुद्दे येतात आणि सायंकाळी आईबापांना छायाचित्रे पाठवण्याची हमी दिलेली असते. ती छायाचित्रे पाठवणे बंद केले तर निम्मा विकास आपोआप होईल, पण तो विषय वेगळा.

आता त्या दोघांकडे वळू. आमच्या परिचयातील एक दांपत्य, दोघेही नोकरदार, दोन मुले शाळेत, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस धीर करून मुलांना काकांच्या घरी ठेवून माथेरानला गेले. मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्यामुळे तिथून पुढे तांबड्या मातीतून चालणे आलेच, आणि त्या चालण्यात, त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून, पहिला तासभर त्यांच्याजवळ मुलांखेरीज बोलायला विषयच नव्हता: दप्तर भरले असेल का, धाकटा काकूला त्रास देत असेल का, दुधात साय आली तर पिणार नाही हे आपण तिला सांगितले का. रात्री आठला त्यांनी फोन लावला. थोरली आली, ‘हो, जेवले, हो, ब्रश केला’ एवढे म्हणाली, आणि पलीकडे चाललेल्या कॅरमच्या डावाकडे पळाली, धाकटा तर फोनवर आलाच नाही. आईला याचे जरा वाईटच वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र, पाऊस पडून गेल्यावर, शार्लोट तलावाच्या बाजूने हिंडताना त्यांच्यात एक बोलणे निघाले, जे घरात दोन वर्षे निघू शकले नव्हते: तिची नोकरी सोडण्याची इच्छा, त्याच्या वडिलांचे विसरभोळेपण जे आता विसरभोळेपण राहिले नव्हते, आणि घराचे हप्ते. घरात हे बोलणे निघत नव्हते ते वेळेअभावी नव्हे. रात्री साडेदहानंतर वेळ असतो. पण भिंतीपलीकडे एक बारा वर्षांची मुलगी जागी असते, आणि तिच्या कानांपासून आजोबांचे आजारपण आणि आईचे रडे जपायचे असते. म्हणून ते दोघे दोन वर्षे एकमेकांशी सांकेतिक भाषेत, अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत, भाजीच्या यादीला जोडून, संसाराचे सर्वांत गंभीर व्यवहार उरकत होते.

ही हकीकत ऐकून माझ्या एका स्नेह्यांनी ताबडतोब निष्कर्ष काढला, की बघा, आईबाप एकटे गेले की त्याचा लाभ शेवटी मुलांनाच होतो, घर अधिक सुरळीत चालते, म्हणून अशा सहलींना उत्तेजन द्यावे. युक्तिवाद सोयीस्कर आहे, आणि म्हणूनच मला तो पत्करवत नाही. मुलांच्या हितासाठी म्हणून आईबापांचा आनंद मंजूर करायचा, तर पूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीने हवापालट मंजूर व्हायचा त्यापेक्षा हे वेगळे काय झाले? त्या दोघांनी शार्लोट तलावाच्या काठी घराच्या हप्त्यांचा अवाक्षरानेही उल्लेख न करता नुसती भजी खाल्ली असती आणि माकडांच्या माकडचेष्टा पाहत दिवस घालवला असता, तरी त्यांचा मुक्काम तितकाच रास्त ठरला असता.

या भूमिकेवर एक आक्षेप असा आहे की ज्याची टिंगल करता येणार नाही. आजची नोकरदार जोडपी मुलांना एरवी तरी किती भेटतात? सकाळी साडेसातला शाळेची बस, नंतर पाळणाघर, संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून आठला परतलेली थकलेली आई आणि नऊला परतलेला बाप. अशा मुलाला वर्षातले जे मोजके दिवस आईबाप सबंध मिळतात, तेही त्याच्यापासून काढून घ्यायचे, यात कसली आली सहृदयता? आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर एवढेच, की दोघांच्या दोन दिवसांनी चौघांचे आठ दिवस खाऊ नयेत. मुलांबरोबरचा प्रवास हवाच. किंबहुना तो आहे त्याहून लांब, संथ आणि स्वस्त असावा, एकाच गावी मुक्काम टाकून असावा, आणि त्यात एक दिवस आईने सकाळी नऊपर्यंत उठू नये असा ठराव निघण्यापूर्वीच व्हावा. ज्या घरात एकच पालक आहे, किंवा ज्या घरातल्या मुलाला जन्मभर दुसऱ्याच्या हाताची गरज लागणार आहे, तिथल्या आईबापांना तर या दोन दिवसांची निकड सर्वांहून अधिक, आणि ते मिळण्याची शक्यता सर्वांहून कमी. त्यांना सल्ला देण्यात हशील नाही. त्यांच्या शेजाऱ्यांनी दार वाजवून शनिवार मागून घ्यावा.

सरकारकडून या कामी काय अपेक्षा करावी? फार नाही. २०१७ सालच्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण पाळणाघर हे आईबाप कामावर असतानाचे, म्हणजे पुन्हा पोटाचेच कारण. गंमत अशी, की या बाबतीत सरकारी नियमपुस्तिका शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा उदार निघते. रजा प्रवास सवलतीत कर्मचारी आणि त्याच्या कुटुंबातील माणसे यांनी एकत्रच गेले पाहिजे अशी सक्ती नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गटांनी प्रवास केला तरी देयक मंजूर होते. रेल्वेही २०१६ च्या एप्रिलपासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाने स्वतंत्र बर्थ मागितला तर त्याचे पूर्ण भाडे घेते आणि त्याला पूर्ण प्रवासी मानते. कारकुनाला मान्य झालेली ही गोष्ट, की कुटुंबातली माणसे सुटी सुटीही प्रवास करू शकतात, घरच्या माणसांना मान्य व्हायला थोडा अवधी लागणार असे दिसते.

मुख्य अडचण अखेर एकच उरते: मुले कोणापाशी ठेवायची? काका-मावश्या दुसऱ्या शहरी, आजोळी मामाच अमेरिकेत, आणि सोसायटीतल्या ज्या कुटुंबाशी आपली दारे उघडी आहेत त्यांच्या मुलांचे वेळापत्रक आपल्यापेक्षा भरगच्च. आळीपाळीने एकमेकांची मुले ठेवून घेण्याची पद्धत काही इमारतींतून सुरू झालेली मी पाहिली आहे, आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते. ज्या घरी चार मुले एकत्र निजतात त्या घरी कोणालाही करमणुकीचे साहित्य पुरवावे लागत नाही. पण बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते, आणि ते म्हणजे आजी.

आणि आजीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जो बदल झाला आहे तो तरुण आईबापांनी नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास राज्यभर मोफत झाला, २०२३ च्या मार्चपासून सर्व वयाच्या स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली, आणि तेव्हापासून कोल्हापूर, तुळजापूर, माहूरच्या गाड्यांतून भजनी मंडळांचे आणि भिशीगटांचे जे जथे हसत-खिदळत जाताना दिसतात, त्यांत घरी सून आणि नातवंडे ठेवून निघालेल्या आज्या जितक्या, तितक्याच नवऱ्याला ‘भात लावून घ्या’ असे सांगून आलेल्या आयाही असतात. देवीचे दर्शन हे त्यांचे कारण आहेच. परंतु परतीच्या वाटेवर रंकाळ्याला उतरून भेळ खाण्याचे कारण देवी नव्हे, आणि ते सांगायला आता त्या लाजतही नाहीत. अशा आजीला दिवाळीच्या सुटीत दोन दिवस मुलांपाशी राहायला बोलवायचे असेल, तर ती मोकळीच आहे असे धरून चालण्याचे दिवस गेले. रेल्वेचे आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी खुले होते. आजीचे त्याच्याही आधी करून ठेवावे लागेल, तिच्या मंडळाची अष्टविनायकाची तारीख पक्की होण्यापूर्वी. आणि दोन्ही तारखा एकच आल्या, तर माथेरानची खोली रद्द करून आपण पुढल्या शनिवारची मागावी. तिला मात्र तिच्या गाडीतून उतरवू नये.